नोबेल म्हणजे नवेगावकर? एका दुर्मिळ स्वीडिश आडनावाची चौकशी

माल्मोची_मावशी

गेल्या शनिवारी किव्हिकला सफरचंदांच्या बाजाराला गेलो होतो. आम्ही माल्मोला राहतो, तिथून पूर्व किनाऱ्यावरचं किव्हिक गाडीने सवा-दीड तासावर. परतताना सिमरिसहाम्नच्या बाजूला रस्ता चुकलो आणि एका पाटीवर नाव दिसलं, 'एस्त्रा नोब्बेलोव'. एस्त्रा म्हणजे पूर्वेकडचं. गाव कसलं, एक चर्च, थोडी घरं आणि बाकी नजर जाईल तिथवर शेतं. नवरा सहज म्हणाला, "नोब्बेलोव, नोबेल... काही संबंध असेल का गं?" मी म्हटलं, पुढे बघ, वळण चुकेल परत.

सोमवारी ऑफिसात जेवताना गंमत म्हणून हे सांगितलं, तर समोरच्या बाईंनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "संबंध म्हणजे? आडनाव तिथूनच आलंय." बाईंचं स्वतःचं आडनाव रास्क. त्यांनी पुढे असंही सांगितलं की स्वीडनमधले सगळे नोबेल एका माणसाचे वंशज, पण सगळे रास्क मात्र एकमेकांचे कोणीच नाहीत. जेवणाची सुटी संपली आणि मी अर्धवटच राहिले.

इथे कोणाला स्वीडिश आडनावांतलं कळतं का? नोबेल नावाचे लोक आज आहेत किती? आणि एखादं आडनाव दुर्मिळ आहे हे तिकडे ठरवतात कसं?

कोथरूडचा_कावळा

यात चौकशी कसली? नोबल म्हणजे उमदा, खानदानी. घराणं उमरावांचं असणार. गावाच्या नावाशी साम्य हा योगायोग.

अनु_अपर्णा

वाचतेय. बाकी सफरचंदं कशी होती ते लिहिलंच नाहीत!

दप्तरदार

कावळेसाहेब, थांबा जरा. आपल्याकडे वर्तमानपत्रंसुद्धा अधूनमधून 'नोबल पुरस्कार' छापतात, त्यामुळे हा समज पक्का झालाय. इंग्रजी 'नोबल'चा या घराण्याशी काहीही संबंध नाही. स्वीडिश उच्चारात जोर शेवटच्या अक्षरावर आहे, नो-बेऽल. आणि घराणं मुळात शेतकऱ्यांचं.

मी उप्सालात अकरा वर्षं होतो. निवृत्तीनंतर वेळ घालवायला तिथली चर्चची दप्तरं चाळायचा नाद लागला, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

सतराव्या शतकात स्वीडनमधल्या सामान्य माणसाला आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. ओलोफचा मुलगा पेर म्हणजे पेर ओलोफसॉन (किंवा ओल्सॉन), मुलगी कारिन म्हणजे कारिन ओलोफ्सदोत्तेर. पेरचा मुलगा मात्र पुन्हा पेर्सॉन. आपल्या बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ यांच्यासारखंच, फक्त 'चा मुलगा' हे शब्द जोडून.

आता हा आपला माणूस. जन्म १६५५, आईबापांनी ठेवलेलं नाव पेर, बापाचं नाव ओलोफ, गाव एस्त्रा नोब्बेलोव. १६८२ साली त्याने उप्साला विद्यापीठात नाव घातलं. विद्यापीठाची भाषा लॅटिन, त्यामुळे शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा उंबरठा ओलांडताना नावही बदलायचा. पेरचा झाला पेत्रुस, 'ओलोफचा' याचं झालं ओलाई, आणि गावाच्या नावाला लॅटिन शेपूट लावून नोबेलियस. पेत्रुस ओलाई नोबेलियस. त्याच्या आधी हे आडनाव त्या घरात कोणाचंच नव्हतं, सख्ख्या भावंडांचंसुद्धा नाही.

आणखी एक गंमत. हे गाव ज्या स्कोने प्रांतात आहे, तो १६५८ च्या रोस्किल्डच्या तहापर्यंत डेन्मार्कचा होता. म्हणजे स्वीडनचं जगात सगळ्यात जास्त उच्चारलं जाणारं आडनाव ज्याने घेतलं, तो जन्मला डेन्मार्कच्या राजाचा प्रजाजन म्हणून.

गावाच्या नावाचा अर्थ? 'नी' म्हणजे नवं आणि 'ब्योले' म्हणजे वस्ती. नवी वस्ती. स्कोनेमध्ये याच नावाची आणखीही गावं आहेत, म्हणून तर मागे पूर्व, पश्चिम, उत्तर असं लावावं लागतं.

कोथरूडचा_कावळा

म्हणजे नवेगाव बुद्रुक, नवेगाव खुर्द! आणि नोबेलियस म्हणजे नवेगावकर!!

दप्तरदार

अगदी. यापेक्षा चांगलं भाषांतर मला सुचणार नाही.

माल्मोची_मावशी

नवऱ्याला वाचून दाखवलं. दोन दिवस 'मी म्हटलंच होतं' ऐकतेय. काका, मग नोबेलियसचं नोबेल कधी झालं?

दप्तरदार

तिसऱ्या पिढीत. पेत्रुस पुढे न्यायाधीश झाला आणि १६९६ मध्ये त्याने वेंदेला रुदबेकशी लग्न केलं. ही ओलोफ रुदबेकची मुलगी. रुदबेक म्हणजे उप्सालातलं बडं प्रस्थ. शरीरातल्या लसिकावाहिन्यांचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, आणि त्याच वेळी प्राचीन अटलांटिस म्हणजे आमचं स्वीडनच असं हजारो पानं खर्चून सिद्ध करणारा गृहस्थ. (सगळं जग आमच्या इथूनच सुरू झालं म्हणणारी मंडळी फक्त आपल्याकडे होऊन गेली असं नाही.) तुमच्या बागेत पिवळ्या पाकळ्यांचं, मधे काळा गोंडा असलेलं रुडबेकिया असेल तर ते नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने याच घराण्यावरून ठेवलं. आणि पाहा, रुदबेकचे वडील बिशप योहानेस, ते लिहायचे रुदबेकियस. तिथेही एका पिढीत 'इयस' गळून पडलं.

तर पेत्रुसचा मुलगा ओलोफ, लघुचित्रं काढणारा, उप्सालात चित्रकलेचा शिक्षक. त्याचा मुलगा इमानुएल, जन्म १७५७, फौजेत शस्त्रवैद्य. त्याने आडनाव तोडून नोबेल केलं. त्याचा मुलगा पुन्हा इमानुएल, सुरुंगवाला, जो पुढे सेंट पीटर्सबर्गला गेला. आणि त्याचा मुलगा आल्फ्रेड, पारितोषिकवाला, जन्म १८३३. पेत्रुसपासून मोजलं तर पाचवी पिढी.

जहाजी_जोशी

शस्त्रवैद्य फौजेत होता ना, मग बरोबर आहे. फौजेत नाव आखूडच लागतं. 'नोबेलियस' अशी हाक मारेपर्यंत तोफ उडून जायची.

दप्तरदार

जोशीबुवा, तुम्ही थट्टेत म्हणालात पण रास्कबाईंच्या वाक्याची किल्ली तिथेच आहे. त्याच १६८२ साली राजा अकराव्या कार्लने सैन्याची नवी पद्धत सुरू केली. काही शेतकरी घरांचा मिळून एक गट, त्या गटाने एक सैनिक पोसायचा, त्याला राहायला छोटं घर आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. आता एका तुकडीत दहा आंदेर्स आंदेर्सॉन असतील तर हजेरी घ्यायची कशी? म्हणून प्रत्येकाला एक आखूड नाव. रास्क म्हणजे चपळ. मूदिग म्हणजे शूर. स्तोल म्हणजे पोलाद, स्वेर्द म्हणजे तलवार, ग्लाद म्हणजे आनंदी.

गोम अशी की हे नाव बहुधा त्या घराला चिकटलेलं असायचं. जुना सैनिक मेला किंवा निवृत्त झाला की नवा येऊन त्याच घरात राहायचा आणि तेच नाव घ्यायचा. रक्ताचं नातं शून्य. शिवाय दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कप्तानाला 'चपळ' हाच शब्द सुचला असेल तर तिथे आणखी एक रास्क. म्हणून आजचे रास्क एकमेकांचे कोणी नाहीत असं बाई म्हणाल्या.

नोबेलचं उलटं. एका माणसाने, एका वर्षी, एका गावावरून पाडलेलं नाव. म्हणून स्वीडनमध्ये नोबेल भेटला तर तो त्याच झाडाची फांदी असण्याची शक्यता दांडगी.

स्टॉकहोमकर_संज्या

इथे फक्त एक भर घालतो. 'नोबेल' ही अक्षरं स्वीडनच्या बाहेरही सापडतात आणि तिथे हा हिशोब लागू नाही. फ्रँकफुर्टचे प्रसिद्ध रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नेहेमिया नोबेल (१८७१ ते १९२२) जन्माने हंगेरीतले ज्यू. त्यांचा नोब्बेलोवशी काडीचा संबंध नाही. तेव्हा जर्मनीत किंवा अमेरिकेत नोबेल भेटला म्हणून लगेच बक्षिसाचा वाटा विचारू नका.

मेलबर्नची_मंजू

धागा बघून उडालेच! आमच्या इथे डोंगरात पफिंग बिली नावाची जुनी वाफेची गाडी आहे, भारतातून कोणीही पाहुणे आले की त्यांना घेऊन जातोच. त्या मार्गावर एमराल्डजवळ नोबेलियस नावाचा थांबा आहे. मला इतकी वर्षं वाटायचं काहीतरी रोमन आहे. आत्ता शोधलं, तर कार्ल आक्सेल नोबेलियस नावाच्या गृहस्थांची तिथे फळझाडांची प्रचंड रोपवाटिका होती आणि रोपं पाठवायला रेल्वेला लागूनच बांधणीची शेड. जन्म १८५१, फिनलंडमधल्या ताम्पेरेचा.

म्हणजे 'इयस' सगळ्यांनीच नाही टाकलं!

दप्तरदार

मंजूताई, सुंदर! मला हे ठाऊक नव्हतं. नोबेलियस रूप स्वीडनमध्येही टिकून आहे. आणि दुर्मिळतेच्या मोजणीत हाच घोटाळा होतो, नोबेल वेगळं मोजलं जातं, नोबेलियस वेगळं.

भुसावळचा_भाऊ

ओ काका, ते मोजणीचं सांगा की. मावशींचा मूळ प्रश्न तोच होता, तुम्ही सगळे रेल्वेत बसून ऑस्ट्रेलियाला पोचले.

स्टॉकहोमकर_संज्या

मोजणीचं मी सांगतो, कारण माझ्या बायकोच्या आडनावासाठी या सगळ्यातून गेलोय.

स्वीडनचं सरकारी सांख्यिकी खातं, एससीबी, त्यांच्या संकेतस्थळावर नावांचा शोध ठेवतं. आडनाव टाका, आज नोंदणीत तसे किती लोक आहेत ते येतं. मात्र ते अक्षरशः अक्षर बघतं. स्वीडिश शुद्धलेखन बदलत गेलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'क्यूव्ही'च्या जागी 'केव्ही' आलं, १९०६ साली 'एफव्ही'च्या जागी नुसता 'व्ही'. पुस्तकं बदलली, पण लोकांनी आपली आडनावं सोडली नाहीत. त्यामुळे लिंदक्विस्त हे एकच आडनाव आज तीन-चार प्रकारे लिहिलं जातं आणि यंत्राला ते तीन-चार घराणी वाटतात. आपल्याकडे कुलकर्णी इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात ना, तसं.

खालचं टोक आणि वरचं टोक यात अंतर किती ते बघा. आंदेर्सॉन एकटे दोन लाखांच्या वर आहेत, देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर असताना. म्हणजे साधारण पन्नासात एक. दुसऱ्या टोकाला अशी आडनावं की सगळे मिळून एका जेवणाच्या टेबलाभोवती बसतील.

आणि दुर्मिळ म्हणजे किती, याला तिकडे कायद्यात आकडा आहे! १ जुलै २०१७ पासूनच्या नव्या कायद्याप्रमाणे ज्या आडनावाचे २००० पेक्षा जास्त लोक आहेत ते कोणीही घेऊ शकतो. उद्या मी अर्ज करून संजय आंदेर्सॉन होऊ शकतो. पण त्या आकड्याच्या खालचं आडनाव राखीव, त्या कुटुंबाशी नातं दाखवल्याशिवाय मिळत नाही. नोबेल त्या रेषेच्या खूप खाली आहे. तेव्हा कावळेसाहेब, अर्ज करू नका.

कोथरूडचा_कावळा

मी नवेगावकरच बरा.

सुलभा_मा

म्हणजे तिथे आडनावालाही सातबारा असतो!

गणितमास्तर

एक शंका. आंदेर्सॉन इतके का वाढले? दर पिढीत नाव बदलत असेल तर आंदेर्सॉन कधी वाढायलाच नकोत. आज आंदेर्सॉन, उद्या त्याचा मुलगा योहान्सॉन.

दप्तरदार

मास्तर, प्रश्न नेमका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक शहरांत आले आणि हळूहळू बापाचं नाव बदलायचं थांबलं. मग १९०१ च्या नियमाने ते कायमचं ठरलं, कुटुंबाला एक वंशपरंपरागत आडनाव. संगीतखुर्चीतलं संगीत थांबावं तसं झालं. त्या क्षणी जे जे आंदेर्सॉन लावत होते ते सगळे जन्मभराचे आंदेर्सॉन. मूळचे आंदेर्स हजारो, एकमेकांशी नातं नाही. आडनाव फक्त एवढंच सांगतं की तेव्हा आंदेर्स हे नाव फार लाडकं होतं.

मुलींचं 'दोत्तेर' यातच गेलं. आधीच्या काळात बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावायची, कारिन पेर्सदोत्तेर मरेपर्यंत कारिन पेर्सदोत्तेर. वेंदेलासुद्धा रुदबेकच राहिली. नंतर बायकाही 'सॉन' झाल्या, म्हणजे अमक्याचा मुलगा. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

जहाजी_जोशी

१९०१ सालच का? त्याच वर्षी पहिली नोबेल पारितोषिकं दिली ना?

दप्तरदार

हो. आणि त्याच वर्षी ती घरटी-सैनिक पद्धतही मोडीत काढून सक्तीची लष्करभरती आणली. १६८२ ला नोबेलियस नाव आणि सैनिकी पद्धत, १९०१ ला पारितोषिक आणि सैनिकी पद्धतीचा शेवट. असे योगायोग दप्तरात दिसले की मला उगाच बरं वाटतं. अर्थ काढायला जाऊ नका.

अनु_अपर्णा

मला एक कळत नाहीये. एवढं नामांकित घराणं, तरी माणसं इतकी कमी का? मुलंबाळं झालीच असतील की.

दप्तरदार

आल्फ्रेडला मूलच नव्हतं, लग्नच केलं नाही. धाकटा भाऊ एमिल १८६४ मध्ये स्टॉकहोमला हेलेनेबोर्यच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटात गेला, वय वीस. उरले रोबेर्त आणि लुद्विग. बाकूचं तेल काढणारं घराणं ते हेच. लुद्विगचा वंश मोठा, पण मुलींच्या मुलांचं आडनाव वेगळं. एका माणसापासून सुरू झालेलं नाव असंच चालतं, दोन पिढ्यांत मुलगे कमी झाले की धागा बारीक.

कधी तुटतोही. लिनेयसचंच पाहा. त्याच्या घराण्याच्या जमिनीवर एक मोठं लिंडेनचं झाड होतं. त्या एका झाडावरून नातेवाइकांनी तीन आडनावं पाडली, लिनेयस, लिंदेलियस आणि तिलियांदेर (लॅटिनमध्ये त्या झाडाला तिलिया म्हणतात). कार्ल लिनेयस पुढे उमराव होऊन 'फोन लिने' झाला. एकुलता एक जगलेला मुलगा, तोही कार्ल, १७८३ मध्ये अविवाहित वारला. वनस्पतींना हजारो नावं देणाऱ्याचं स्वतःचं नाव दुसऱ्या पिढीत संपलं.

देवगडची_देवकी

काय हो हे, एवढं वाचून शेवटी डोळ्यात पाणी आणलंत.

अवांतर: आमच्यात 'कर'वाली आडनावं गावावरून, तरी एका गावाचे सगळे 'कर' एका कुळाचे नसतात. तिथे 'इयस'वाल्यांचं काय?

दप्तरदार

देवकीताई, तेच. दोन वेगळ्या गावांतले दोन विद्यार्थी एकच आडनाव घेऊ शकत. नोब्बेलोव नावाची गावं एकाहून जास्त आहेत हे आधी सांगितलंच. 'इयस' हे शिकलेल्याचं चिन्ह होतं, कुळाचं नाही. तापमानवाला सेल्सियस घ्या. आजोळचं नव्हे, वडिलांकडचं मूळ घर ओव्हानोकेरचं 'हेगेन', म्हणजे उंचवटा, टेकाड. लॅटिनमध्ये उंच म्हणजे 'सेल्सुस'. म्हणजे श्री. टेकाडे. ताप आला की आपण टेकाडे किती ते बघतो.

कोथरूडचा_कावळा

आज १०१ टेकाडे. ऑफिसला सुटी कळवतो.

जहाजी_जोशी

सेल्सियसमध्ये १०१ म्हणजे तुम्ही उकळताय, कावळेसाहेब. सुटी कायमची.

स्टॉकहोमकर_संज्या

'कर'चा खरा जुळा भाऊ स्वीडनच्या दालार्ना प्रांतात आहे. तिथे शेतवाडीचं नाव आधी आणि माणसाचं नंतर. बिंगशोचा प्रसिद्ध फिडलवादक योर्त आंदेर्स ओल्सॉन, यातलं योर्त हे वाडीचं नाव. आणि वाडी बदलली की नाव बदलतं. लग्न करून बायकोच्या वाडीवर राहायला गेलात तर तिच्या वाडीचं नाव तुम्हाला. घरजावयाची नोंद थेट चर्चच्या दप्तरात.

माझं आवडतं दुर्मिळ आडनाव मात्र वेगळंच, 'नात ओक दाग'. शब्दशः रात्र आणि दिवस! स्वीडनच्या सगळ्यात जुन्या उमराव घराण्यांपैकी, १२८० पासून उल्लेख. ढालीवर वरचा अर्धा सोनेरी, खालचा निळा. लोक ढाल बघून म्हणायला लागले रात्र-दिवस, आणि तेच पुढे आडनाव झालं.

गणितमास्तर

अर्थशास्त्राचं नोबेल हे खरं नोबेल नाही म्हणतात, त्याबद्दल कोणी...

सुलभा_मा

मास्तर, तो वेगळा धागा काढा, इथे नको, शंभर प्रतिसाद होतील.

स्टॉकहोमकर_संज्या

थोडं इथे बसतं, कारण वाद आडनावाचाच आहे. ते पारितोषिक स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये आल्फ्रेडच्या 'स्मरणार्थ' सुरू केलं, मृत्युपत्रात ते नाही. लुद्विगचे पणतू पेतेर नोबेल यांनी त्यावर जाहीर टीका केली, आमच्या घराण्याचं नाव यात वापरू नका म्हणून. आडनाव इतकं दुर्मिळ की घरातल्या माणसाने 'आमचं' म्हटलं तर ते खरंच त्यांचं असतं. हेच आंदेर्सॉन असता तर कोणी ऐकलं नसतं.

माल्मोची_मावशी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. (अनु, सफरचंदं आंबटगोड, मुरांबा केला.)

काका, एक शेवटचं. रास्कबाईंना हा धागा तोंडी भाषांतर करून सांगितला. त्या म्हणाल्या, माझे पणजोबा कुठल्या सैनिकी घरातले ते मला कधी कळलंच नाही. कुठे शोधावं?

दप्तरदार

फार अवघड नाही. पाद्री दरवर्षी घरोघर जाऊन धर्मप्रश्नांची परीक्षा घ्यायचे आणि प्रत्येक घराचं पान ठेवायचे. कोण कधी जन्मलं, कुठून आलं, कुठे गेलं, वाचता येतं का, सगळं. १६८६ च्या चर्चच्या कायद्यापासून ही चाल. त्या वह्यांना 'हुसफरहोर्सलेंगद' म्हणतात. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१८ पासून त्यांची छायाचित्रं सगळ्यांना फुकट खुली केली आहेत.

त्यांना पणजोबांचा जन्मगाव-परगणा आणि जन्मतारीख एवढं माहीत असलं तरी पुरे. 'रास्क' शोधत बसू नका म्हणावं, बापाच्या नावाने शोधा. भरती होण्याआधी तो रास्क नव्हताच.

माल्मोची_मावशी

परगणा ठाऊक आहे त्यांना. उद्या जेवणाच्या सुटीत बसतोय दोघी. अक्षर मोडीसारखं आहे म्हणे, वाचता आलं नाही तर फोटो वर्णन करून इथेच विचारीन.

दप्तरदार

चालेल. पहिल्या रकान्यात घराचं नाव असतं, ते आधी लावा.